पट्टी लावलेली खुर्ची

सामना संपला की माणसं उठतात आणि खुर्च्या आपोआप मिटतात. ठक, ठक, ठक. आधी वरच्या रांगांत, मग मधल्या, मग खाली मैदानाजवळ. हजारो खुर्च्यांची ती ठकठक थांबली की स्टेडियममध्ये अशी काही शांतता पसरते, की झाडणारी बाईसुद्धा झाडू जरा हळूच टेकवते. कामावर नवीन आलेलं माणूस त्या वेळी मान वर करून पाहतंच. तेव्हा जुने त्याला सांगायचे, "काम कर मुकाट्यानं. आणि उत्तरेच्या स्टँडात, खालून तिसऱ्या रांगेत, एक खुर्ची उघडी दिसली तर तिच्याकडे तर अजिबात पाहू नकोस."

त्या खुर्चीला लाल-पांढरी पट्टी लावलेली असायची. वर पुठ्ठ्याचा तुकडा: नादुरुस्त. साफ खोटं! खुर्चीला काही धाड भरली नव्हती. उलट अख्ख्या स्टेडियममध्ये एवढी धडधाकट खुर्ची दुसरी नसेल, कारण तिच्यावर कधी कुणी बसतच नव्हतं. तरीही एखाद्या दिवशी बाकी सगळ्या मिटलेल्या आणि ही एकटी उघडी, असं व्हायचं. स्प्रिंग ढिली झाली असेल, असं सुतार म्हणायचा. म्हणायचा खरा, पण तपासायला जायचा नाही.

काकू म्हणायच्या, "आमचे हेच बसले असतील. जिवंतपणी दाराबाहेर पडले नाहीत, आता कुठं जाणार?"

काकू म्हणजे 'हरवलं-सापडलं' असं लिहिलेल्या खिडकीतल्या काकू. उत्तरेच्या गेटातून आत शिरलं की जिन्याखाली त्यांची खोली. खोली कसली, कपाटच म्हणा. जिन्याचा उतार डोक्याला लागू नये म्हणून काकू मान एका अंगाला कलती करून बसतात आणि आता ती मान तशीच राहिली आहे. मागे फळ्या, पुढे खिडकी, खिडकीला सरकती काच. लोक जे जे विसरून जातात ते ते या फळ्यांवर येऊन बसतं.

या नव्या स्टेडियमला सगळे 'बहुउद्देशीय' म्हणतात. काय जड शब्द! म्हणता म्हणता जीभ अडखळते. पण आहे तसंच. आज फुटबॉल, उद्या धावण्याच्या शर्यती, परवा गाण्यांचा कार्यक्रम. मैदानावर लाकडी फळ्या अंथरल्या की बास्केटबॉल, गालिचा टाकला की गाड्यांचं प्रदर्शन, टेबलं मांडली की नोकरभरतीची परीक्षा. निवडणुकीची मतं इथंच मोजतात. नदीला पाणी चढलं तेव्हा खालच्या वस्तीतली माणसं आठवडाभर इथंच अंथरुणं टाकून होती. काकूंना मात्र आज काय आहे ते फळीवरून कळतं. परीक्षा म्हणजे पेनं आणि न उघडलेले जेवणाचे डबे. पोरांच्या पोटात गोळा आलेला असतो, खाणार कोण? गाणी म्हणजे एकेकटे बूट. माणूस एकाच पायात बूट घालून घरी जातोच कसा, हे कोडं काकूंना आजवर सुटलेलं नाही. फुटबॉल म्हणजे टोप्या, छत्र्या, आणि एकदा तर दातांची कवळी. गोल झाला म्हणून ओरडताना पडली म्हणे. दुसऱ्या दिवशी मालक तोंडावर रुमाल धरून आला, काकूंनी फळीवरून कवळी काढून दिली, त्यानं ती तिथंच बसवली आणि पहिलं वाक्य बोलला, "गोल नव्हताच तो!"

हे सगळं काकू हसत सांगतात. पण सांगताना त्या तुमच्याकडे पाहत नसतात. डोळे तुमच्या खांद्यावरून मागे, गेटातून आत येणाऱ्या माणसांवर. एकेक चेहरा नीट पारखून पाहायचा, सोडून द्यायचा, पुढचा धरायचा. हे उगाच नाही. ऐका आता.

जिथं हे स्टेडियम आहे तिथं पूर्वी गल्ली होती. शहराच्या ऐन मध्यात, बाजार आणि कचेऱ्यांच्या मागच्या अंगाला, भिंतीला भिंत लावून उभी असलेली दुमजली घरं. त्यातल्या एका घराच्या दारात किल्लीवाला बसायचा. काकूंचा नवरा. हातात कानस, डोक्यावर तारेत ओवलेल्या किल्ल्यांचे घोस. अख्ख्या गल्लीची कुलपं त्याच्या हाताखालून गेलेली. माणूस कामाला चोख, पण बोलायला तुसडा. गिऱ्हाइकाला "काय हवंय?" एवढंसुद्धा विचारायचा नाही, नुसता हात पुढे करायचा.

मुलगा मात्र अगदी उलटा. तोंडाला क्षणाची विश्रांती नाही. बोलत नसेल तेव्हा गुणगुणत असायचा, अगदी पाळण्यात असल्यापासून. म्हणून भुंग्या. खरं नाव शाळेच्या हजेरीतच राहिलं. संध्याकाळ झाली की काकू दारात उभ्या राहून, तोंडाशी हात धरून हाक मारायच्या, "भुंग्याऽऽ, घरी येऽऽ! जेवायला वाढलंयऽऽ!" कुठल्या तरी गच्चीवरून उत्तर यायचं, "आलोऽऽ!" आणि स्वारी उगवायची तासाभरानं. रोजचं होतं ते. शेजारीण म्हणायची, "अहो, तो आलो म्हणाला की समजायचं, येत नाही." पण काकूंना ते 'आलो' पुरायचं. पोरगं कुठं तरी आहे आणि आपलं ऐकतंय, एवढं कळलं की त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

बापाला वाटायचं, पोरानं कानस हातात धरावी. पोराला बोटीवर जायचं होतं. इंजिनाला तेल घालायचं काम का असेना, पण बोटीवर! एका संध्याकाळी शब्दाला शब्द वाढला. किल्लीवाला जन्मात बोलला नसेल तेवढं एका दमात बोलला आणि शेवटी म्हणाला, "गेलास तर परत या घराची पायरी चढायची नाही." भुंग्या उठला, पिशवी भरली, आणि गेला. खिशात घराची किल्ली तशीच राहिली.

ती किल्ली साधी नव्हती. पोरगं शाळेत जायला लागलं तेव्हा बापानं त्याच्यासाठी मुद्दाम घडवलेली. दात लोखंडाचे आणि धरायचा भाग पितळेचा, पंख पसरलेल्या भुंग्याचा. तुसड्या माणसांची माया अशी कुठून तरी बाहेर पडते, तोंडातून पडत नाही.

वर्षं गेली. पत्र नाही, निरोप नाही. शेवटी बापाचाच मुलगा. अबोला धरला की धरला. काकूंनी एकदा भीत भीत विषय काढला, "किल्ली त्याच्यापाशी आहे. कुणाच्या हाती लागली तर? कुलूप बदलायचं का?" किल्लीवाल्यानं कानस खाली ठेवली. म्हणाला, "कशाला? चांगलं चाललंय की ते." गल्लीतल्या सगळ्यांची कुलपं त्यानं पुन्हा पुन्हा बदलून दिली, स्वतःच्या दाराचं काही बदललं नाही. काकूंना काय समजायचं ते समजलं.

मग स्टेडियमची टूम निघाली. मोजणीवाले आले, भिंतींवर रंगानं आकडे पडले. शहराच्या टोकाला नव्या इमारतींत सगळ्यांना घरं मिळाली. वाईट नव्हती हो, खोटं कशाला बोला. नळाला पाणी होतं, गॅलरीत ऊन होतं. लोक खुशीनं गेले. काकूंचाच पाय निघेना. त्या ज्याला त्याला एकच विचारायच्या, "तो आला तर कुठं येईल?" शेजारी काय सांगणार? निदान शेजारी मागे राहिले असते तर त्यांनी पत्ता सांगितला असता, पण इथं तर अख्खी गल्लीच उठलेली. यंत्रं आली त्या सकाळी किल्लीवाल्यानं स्क्रू काढून दाराचं कुलूप सोडवलं, फडक्यात गुंडाळलं आणि काखेत मारून निघाला. नव्या घराला ते लावलं नाही, उशाशी ठेवलं. थोड्याच दिवसांत तो गेला. जातानाही बोलला नाही, पण हात त्या फडक्यावर होता.

स्टेडियम उभं राहिलं. सफाईला बायका हव्यात असं कळताच काकू जाऊन उभ्या. नवी शेजारीण म्हणाली, "या वयात कशाला ही दगदग?"

"इथं बसून काय करू? तो काय या पाचव्या मजल्यावर येणार आहे? आला तर तिथंच येईल."

पहिल्या दिवशी आत शिरल्या आणि काकू हबकल्याच. सगळं गोल! गल्ली सरळ होती, पलीकडचा बाजार सरळ होता, आणि हे मेलं गोल गोल. कुठं दार, कुठं जिना, कुठं मोरी, काही म्हणता काही उमगेना. नवं कोरं गवत आणि नव्या कोऱ्या खुर्च्या. आपलं घर गेलं म्हणून रडायचं, तर नेमकं कुठं उभं राहून रडायचं तेही कळेना.

मग एके दिवशी खुर्च्या पुसता पुसता, दोन स्टँडांच्या मधल्या फटीतून त्यांना बाजारातला घड्याळाचा मनोरा दिसला. तो पाडला नव्हता, आणि त्याच्या अलीकडची दवाखान्याची चिमणीही. त्यांच्या दारातूनही तो दिसायचा, पण सगळा नाही. मधे ती चिमणी यायची आणि घड्याळाचे सात ते अकरा हे आकडे तिच्यामागे जायचे. सकाळी काटा चिमणीआड गेला की भुंग्या दारात उभा राहून म्हणायचा, "आई, वेळच दिसत नाही, मग शाळा कशी असेल?" काकू फडकं हातात घेऊन एकेक खुर्ची सरकत निघाल्या. इथून घड्याळ जास्त दिसतंय, इथून फारच कमी. आणि उत्तरेच्या स्टँडात, खालून तिसऱ्या रांगेत, आकडे बरोब्बर झाकले गेले. काकू त्या खुर्चीत मटकन बसल्या. स्वतःच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या त्या. मग मात्र त्यांनी पोटभर रडून घेतलं.

त्यांना रडताना पाहिलं शिट्टीनं. शिट्टी म्हणजे लोकांना जागा दाखवणारा. पुढचा दात पडलेला, त्यामुळे 'स' म्हणायला गेला की शिट्टी वाजते. त्यानं सगळी हकीकत ऐकून घेतली आणि म्हणाला, "काकू, शनिवारी सामना आहे. या खुर्चीवर कुणी तरी येऊन बसणार."

"बसू नये असं काही करता येईल का रे?"

शिट्टीनं खिशातून लाल-पांढरी पट्टी काढली. तेव्हापासूनचा हा प्रघात. तिकीट खिडकीवाला तेवढा नंबर वगळायचा, सुतार तिकडे फिरकायचा नाही, आणि खेळ कुठलाही असो, गेट उघडायच्या आधी शिट्टी पट्टी पाहून यायचा. साहेब बदलले की नवे साहेब विचारायचे, "अजून नादुरुस्त?" शिट्टी म्हणायचा, "सुटा भाग सापडत नाही, साहेब." एवढ्या शिट्ट्या एकदम वाजल्या की साहेबांना हसू यायचं आणि ते पुढे जायचे.

पुढे गुडघे कुरकुरायला लागले आणि काकू झाडू सोडून 'हरवलं-सापडलं'च्या खिडकीत आल्या. त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "विशीतला पोरगा आहे. सडपातळ, कुरळ्या केसांचा. तोंडानं सारखा गुणगुणत असतो. दिसला की त्याला तिथं बसवा आणि मला हाक मारा." झाडणाऱ्या बायका, विजेचा माणूस, गेटावरचे पहारेकरी, सगळ्यांना तो चेहरा पाठ झाला होता. मग ते हरेक गर्दीत कुरळे केस शोधायचे. परीक्षेच्या दिवशी तर काकूंचे हालच. गेट उघडलं की विशीतले शेकडो भुंगे एकदम आत शिरायचे, आणि काकू काचेमागून त्यांच्याकडे पाहत राहायच्या. एखादा पोरगा दचकून विचारायचा, "काय झालं, आजी?" त्या म्हणायच्या, "काही नाही. पेन घेतलंस ना?"

खेळ संपल्यावर, सगळ्या खुर्च्या मिटल्यावर, काकू उत्तरेच्या स्टँडात जाऊन कठड्याला टेकून उभ्या राहायच्या. त्यांना आवाज यायचे. वेड लागलेलं नव्हतं त्यांना, हे आधीच सांगतो. फळीवरच्या शेकडो वस्तूंतून तुमचा हातरुमाल नेमका काढून देणारी बाई ती. पण कानशीचा खर्र खर्र आवाज त्यांना यायचा. शेजारणीनं भांडं आपटलेलं ऐकू यायचं. मैदानाच्या मध्यावर, जिथं चेंडू ठेवतात, तिथं नळ होता. तिथून बायकांची वादावादी यायची. आणि या सगळ्यात एकच आवाज नसायचा, गुणगुणण्याचा. काकू घाबरायच्या त्या एवढ्यासाठीच. मेलेल्यांचेच आवाज येतात ना? मग त्याचा येत नाही म्हणजे तो आहे. येऊच नये तो आवाज. अशी मनाची समजूत घालून त्या खिडकीशी परत यायच्या.

आणि मग तो दिवस आला. फुटबॉलचा मोठा सामना, दुपारचा. बाहेरगावची माणसं लोंढ्यानं आलेली, मुंगीला शिरायला वाव नाही. मध्यंतर संपलं आणि शिट्टी नेहमीसारखा टोपली घेऊन खिडकीवर आला.

"घ्या काकू, आजचा माल."

एक छत्री. एक चष्मा. बाळाचा एक मोजा. आणि एक किल्ली.

काकूंच्या हातातली छत्री खाली पडली. पितळेचा भुंगा. एक पंख किंचित वाकलेला. पायरीवर पडून वाकला होता, भुंग्या तेव्हा दुसरीत होता आणि त्याबद्दल त्यानं बापाची बोलणीही खाल्ली होती.

फडक्यातलं कुलूप काकू खिडकीच्या खालच्या फळीवर ठेवायच्या. ते त्यांनी काढलं. किल्ली भोकात जाईना. शेवटी शिट्टीनं दोन्ही हातांनी कुलूप घट्ट धरलं. किल्ली गेली. फिरली. खट्. मधे एवढी वर्षं गेली, पण कुलूप कुठं अडलं म्हणून नाही.

"कुठं सापडली?" काकूंचा आवाज त्यांनाच ओळखू येईना.

"आपल्या खुर्चीवर."

"कुणी ठेवली?"

शिट्टीचा चेहरा खर्रकन उतरला. तो कुलपाकडे पाहत राहिला आणि सगळं त्याच्या लक्षात आलं.

"एक माणूस आला होता, काकू. सामना सुरू व्हायच्या आधी. चाळिशी ओलांडलेला. टक्कल पडलेलं, एक पाय जरा ओढत चालत होता. तिकीट त्याचं वरचं होतं, पण खालीच हिंडत होता. खुर्चीखुर्चीपाशी थांबायचा, वाकायचा, त्या फटीतून बाहेर पाहायचा. मग आपल्या खुर्चीपाशी आला आणि पट्टी वर करून बसायला लागला."

"मग?"

"मग मी उठवलं त्याला."

काकूंनी कुलूप जवळ ओढून घेतलं.

"मी नीट बोललो हो, काकू. म्हटलं, ही जागा राखून ठेवलेली आहे. एका बाईंचा माणूस यायचा आहे. तर म्हणाला, नक्की येणार आहे का तो? मी म्हटलं, येणार म्हणजे काय, बाई कधीच्या वाट पाहतायत. माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, असं असेल तर मी नाही बसत, त्याची जागा त्यालाच असू दे. मला तिकडून कुणी तरी हाक मारली. वळून पाहिलं तर हा जिना चढून गेटाकडे चाललेला. आणि मध्यंतरात पाहतो तर खुर्चीवर किल्ली. मला वाटलं, विसरला."

"गुणगुणत होता का रे?"

शिट्टीनं टोपली खाली ठेवली. मग म्हणाला, "हो. तोंडातल्या तोंडात काही तरी चाललं होतं."

काय म्हणावं याला! आपल्याच घरात शिरायला त्या माणसानं तिकीट काढलं होतं. चिमणी आणि घड्याळ जुळवत जुळवत, आईनं शोधलं तसंच त्यानंही दार शोधलं, आणि सापडलं. आणि त्याच्याचसाठी जपून ठेवलेल्या जागेवरून त्याला उठवलं, तेही त्याच्याच आईवरच्या मायेपोटी. चिडायचं तरी कुणावर?

काकू उठल्या. गुडघ्यांची कुरकुर विसरून जिने चढत थेट छताखालच्या काचेच्या खोलीत गेल्या. तिथं माईकवाला बसतो, गोल कुणी केला आणि गाडी कुणाची आडवी लागली ते सांगणारा. शिट्टी तोवर गेटांकडे धावला.

"काकू, खेळ चालू असताना घोषणा करता येत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"माझं पोर हरवलंय."

माईकवाल्यानं सवयीनं विचारलं, "वय किती?"

काकूंनी तोंड उघडलं. वीस म्हणणार होत्या त्या. शब्द ओठांवर आला आणि तिथंच अडला. "चाळिशी ओलांडली असेल आता," त्या म्हणाल्या, आणि हे आपण आयुष्यात पहिल्यांदाच म्हणतोय हे कळून त्यांनी दाराची चौकट धरली.

माईकवाला हसला नाही, त्याचं भलं होवो. त्यानं खुर्ची पुढे केली. खेळ संपल्याची शिट्टी झाली तसा माईक काकूंच्या हातात दिला. माईकवर कसं बोलायचं काकूंना काय ठाऊक? त्या दारात उभ्या राहायच्या तशा उभ्या राहिल्या, तोंडाशी हात धरला आणि हाक मारली.

"भुंग्याऽऽ, घरी येऽऽ! जेवायला वाढलंयऽऽ!"

अख्ख्या स्टेडियममध्ये आवाज घुमला. उठलेली माणसं जागच्या जागी थबकली. मग एक जण हसला, त्याचं पाहून दुसरा, आणि बघता बघता सगळं स्टेडियम हसायला लागलं. काकूंनी पुन्हा हाक मारली, पुन्हा मारली. हसणं त्यांना ऐकू येत नव्हतं. त्यांना एकच शब्द ऐकायचा होता आणि तो काही येत नव्हता.

ऊन कललं तेव्हा सगळ्या खुर्च्या मिटल्या होत्या. काकू तिसऱ्या रांगेत उभ्या होत्या. शिट्टी गेटं, बस थांबा, बाजार, सगळं पालथं घालून आला आणि पायरीवर बसून हुंदके द्यायला लागला. "मी कर्मदरिद्री, काकू. मीच हाकललं त्याला."

"गप बस," काकू म्हणाल्या. "तुझं काय चुकलं? विशीतला पोरगा येईल असं तुला सांगितलं कुणी? मीच ना? मी त्याला मोठा होऊच दिला नाही." त्यांनी वाकून खुर्चीची पट्टी ओढून काढली. वर्षानुवर्षांचा चिकटा होता, सहज निघेना. नखांनी खरवडून काढली, पुठ्ठा फाडला, आणि दोन्हींचा बोळा करून शिट्टीच्या हातात दिला. "आता इथं ज्याला बसायचं त्याला बसू दे. कुणालाही उठवायचं नाही."

खुर्ची तेव्हापासून सगळ्यांची झाली. कुलूप मात्र काकूंच्या खिडकीत असतं, काचेला अगदी लागून, किल्ली लावलेलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. काही जण ते आपलं म्हणून मागायला येतात. काकू म्हणतात, "फिरवून दाखवा." फिरवतात बिचारे. मग त्या म्हणतात, "फिरली, पण तुमची नव्हे ती," आणि पुढच्या माणसाकडे पाहतात.

पण गंमत पुढेच आहे, तिला गंमत म्हणायचं तर. पुढच्या सामन्याला माईकवाल्यानं काकूंना पुन्हा बोलावलं. त्याच्या पुढच्या गाण्यांच्या कार्यक्रमालाही. आणि एका रविवारी काकूंनी माईक हातात घेण्याआधीच कोपऱ्यातल्या पोरांनी कोरस धरला, "भुंग्याऽऽ, घरी येऽऽ!" बघता बघता चारी स्टँडांनी उचलून धरला. काकू संतापल्या. "माझ्या पोराची थट्टा करतात मेले!" म्हणून त्या जिना उतरायला लागल्या. माईकवाल्यानं त्यांना थांबवलं. "करू द्या, काकू. तुमची हाक गेटापर्यंत जाते. त्यांची बंदरापर्यंत जाईल." काकू जिन्यातच थांबल्या, आणि त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

आता काकूंना वर जावं लागत नाही. फुटबॉल असो, शर्यती असोत, गाणी असोत, कार्यक्रम संपला की लोक आपणहून उभे राहतात आणि हजारो गळ्यांतून काकूंची हाक निघते. बाहेरगावच्यांना वाटतं, ही इथली रीतच आहे. भुंग्या कोण, हे विचारलंत तर दहांतले नऊ जण सांगतील, पूर्वीचा कुणी तरी गोलकीपर असेल. हाक संपते आणि सगळे क्षणभर गप्प राहतात, तेही आता रीतीत बसलंय.

आणि मग वरच्या रांगांतून एखादं टवाळ कार्टं ओरडतंच, "आलोऽऽ!" लोक खो खो हसतात, पिशव्या उचलतात, खुर्च्या मिटायला लागतात. शिट्टी सांगून सांगून थकला, "काकू, पोरं चेष्टा करतात हो." काकूंना काय ते कळत नाही? चांगलं कळतं. तरी दर वेळी त्या खिडकीची काच सरकवतात, पदर नीट करतात आणि गेटाकडे तोंड करून उभ्या राहतात.